स्विफ्टचं मागचं सस्पेन्शन सुधारायचंय? आधी टेप घ्या, मग पाना

माझी स्विफ्ट २०१३ ची, पेट्रोल, मी तिचा तिसरा मालक. घेतली तेव्हा मागून मस्त बसलेली दिसायची, चाक आणि मडगार्डच्या मधे दोन बोटं कशीबशी जातील एवढीच जागा, आणि खरं सांगतो मला तेव्हा तेच भारी वाटलं होतं. मग पहिल्याच पावसाळ्यात आम्ही चौघं ताम्हिणीतून माणगावला निघालो, डिकीत चौघांचं सामान, स्पीड काही फार नव्हता, आणि एका डाव्या वळणात अर्ध्यावर असताना रस्त्याचा तुटका पॅच आला. मागून खाडकन आवाज आला आणि गाडीचा पार्श्वभाग सरळ बाहेरच्या बाजूला सरकला. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून हे लिहायला बसलोय. दुसऱ्या दिवशी चाक काढून बघतो तर स्प्रिंगचं टोक ग्राइंडरने कापलेलं, दोन्ही बाजूला, आणि बंप स्टॉपचा, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबलं की धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्याचा, पार भुगा झालेला. आधीच्या मालकाने कुठल्यातरी गॅरेजमधे 'लो' करून घेतली होती म्हणे.

तिथून पुढे वर्षभर मी हे मागचं सस्पेन्शन हळूहळू नीट केलं, चुका केल्या, एक काम दोनदा करावं लागलं, आणि आता गाडी वळणात अशी बसते की पुढची चाकं जिथे जातात तिथेच मागची येतात. ते सगळं क्रमाने सांगतो. उदाहरण स्विफ्टचं आहे, पण मागे टॉर्शन बीम असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांना हाच क्रम लागू पडतो.

मागे नक्की आहे काय, ते आधी

चाकाखाली वाकून बघा. डावीकडे एक दांडा, उजवीकडे एक दांडा, आणि दोघांना जोडणारा मधला पत्र्याचा आडवा बीम. या सगळ्याला मिळून टॉर्शन बीम म्हणतात. दोन्ही दांड्यांची पुढची टोकं बॉडीला मोठ्या रबरी बुशमधे (लोखंडी नळीभोवती रबर असलेला सांधा) अडकवलेली असतात आणि मागच्या टोकांना चाकं. दोन्ही चाकं एकदम वर गेली, म्हणजे स्पीडब्रेकरवर, तर सगळा बीम त्या बुशवर दाराच्या बिजागरीसारखा वरखाली होतो. पण एकच चाक वर गेलं किंवा गाडी वळणात कलली, तर मधला बीम पिळला जातो, आणि पिळताना तो जो विरोध करतो तोच गाडीचं कलणं कमी करतो. म्हणजे अँटी रोल बारचं काम त्याच्यातच आलं. ही रचना १९७४ च्या फोक्सवॅगन गोल्फपासून छोट्या गाड्यांत रुळली, कारण स्वस्त, जागा कमी खाते, डिकी मोठी मिळते. जुन्या गोल्फ जीटीआयचे फोटो बघितले असतील तर वळणात आतलं मागचं चाक हवेत उचललेलं दिसतं, ते याच बीममुळे आणि ते काही बिघाडाचं लक्षण नव्हे.

आता यातली मेख. बुश पुढे आणि चाकं मागे, त्यामुळे वळणात टायरवर जो आडवा जोर येतो तो अख्खा बीमच थोडासा फिरवायला बघतो, आणि तोही अशा दिशेने की गाडीची शेपूट बाहेर जावी. कंपनीचे इंजिनिअर काही झोपलेले नसतात, ते बुश मुद्दाम तिरपे बसवून, त्यांच्या रबरात पोकळ्या ठेवून हे बरंचसं मारतात. पण बुश म्हातारे झाले की ते गणित बिघडतं आणि मागची चाकं तुम्हाला न विचारता आपली आपली स्टेअरिंग मारायला लागतात. "गाडी हायवेला मागून झोल खाते" अशी तक्रार असलेल्या जुन्या गाडीत मी आता पहिला संशय बुशवर घेतो, शॉकअपवर नंतर.

पायरी पहिली: एक रुपया न खर्च करता तपासणी

सपाट जागा बघा, सोसायटीचं बेसमेंट उत्तम. चारही टायरची हवा दाराच्या पट्टीवर लिहिलीय तेवढी भरा, डिकी रिकामी करा (माझ्या डिकीतून कपडे धुण्याच्या साबणाचा सहा महिन्यांपूर्वीचा पुडा निघाला), आणि टेपने प्रत्येक चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा त्यात घोळ घालते. माझ्या गाडीत मागे डावीकडे उजवीकडच्यापेक्षा ११ मिमी कमी भरलं, म्हणजे कापणाऱ्याने दोन्हीकडे सारखंही कापलं नव्हतं. ही वही जपून ठेवा, पुढे तीनदा लागणार आहे.

मग मागचे टायर हाताने चाचपा. टायरवर लहरी लहरी, खळगे खळगे झालेत असं लागलं तर शॉकअप मेलेत आणि चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय. शॉकअपच्या अंगावर नुसता तेलकट ओलावा आणि थोडी धूळ असेल तर घाबरू नका, पण तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर तो गेला. डिकी दाबून गाडी हलवून बघायची ती प्रसिद्ध टेस्ट फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते, अर्धमेला तिच्यात पास होतो, म्हणून त्या टेस्टवर फार विसंबू नका.

बुश बघायला मित्राला गाडीत बसवा. हँडब्रेक सोडून गाडी अगदी सावकाश पुढे घ्यायची, हँडब्रेक ओढायचा, रिव्हर्सला तेच करायचं, आणि तुम्ही बाजूला बसून टॉर्चने बीमच्या पुढच्या टोकाकडे बघत राहायचं. चाकाखाली हातपाय घालू नका, लांबून दिसतं. टोक बॉडीच्या मानाने पुढेमागे ठळक सरकत असेल, रबराला चीर दिसत असेल, तर बुश बदलायचे.

आणि शेवटचं, व्हील अलाइनमेंट करून चारही चाकांचा छापील रिपोर्ट घ्या. बरेच लोक फक्त पुढचं बघतात. मागच्या टोचा आकडा (वरून बघितलं तर चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर वळलीत) आणि थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला मध्यरेषेपासून किती तिरकी ढकलतात) दोन्ही बघा, कारण टॉर्शन बीममधे मागचं काही अॅडजस्ट होत नाही, आकडा बाहेर असेल तर बीम वाकलाय किंवा बुश गेलेत, आणि तसल्या गाडीत महागडे शॉकअप टाकणं म्हणजे गळक्या टाकीला रंग देणं.

पायरी दुसरी: तुम्हाला हवंय काय

हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. एकटे ऑफिसला जाता की दर शनिवारी पाच जण गावाला? सीएनजी आहे का? सीएनजीची टाकी डिकीत कायमची बसलेली, वजन पन्नास-साठ किलोच्या घरात, म्हणजे एक माणूस कायम मागे झोपलेलाच समजा. अशा गाडीला लो करायच्या स्प्रिंगा टाकणं हा वेडेपणा आहे, तिला उलट किंचित कडक आणि मूळ उंचीच्याच स्प्रिंगा हव्यात.

थोडं गणित, फार नाही. चाकाशी स्प्रिंगचा कडकपणा आणि तिच्यावरचं वजन, यांवरून गाडी सेकंदाला किती हेलकावे खाणार ते ठरतं. आरामाच्या गाड्या १ ते १.५ च्या आसपास असतात, जरा स्पोर्टी गाड्या १.५ ते २. समजा मागच्या एका चाकावर स्प्रिंगने पेललेलं वजन १५० किलो आणि चाकाशी कडकपणा २० न्यूटन प्रति मिमी धरला, तर हिशोब येतो साधारण १.८. आता मागे तीन माणसं आणि सामान, दर चाकावर १०० किलो वाढले, तर तोच आकडा १.४ वर येतो. म्हणून छोटी गाडी रिकामी असताना मागून टणटण उडते आणि भरल्यावर एकदम मोठ्या गाडीसारखी चालते. यात आणखी एक गंमत म्हणजे स्प्रिंग २० टक्के कडक केली तर हेलकावे फक्त साडेनऊ टक्क्यांनी वाढतात, कारण सगळं वर्गमुळात जातं. त्यामुळे १५-२० टक्के कडक स्प्रिंगने कंबर मोडेल ही भीती उगाच आहे. कंबर मोडते ती बंप स्टॉपमुळे.

कापलेल्या स्प्रिंगचं पापही इथेच कळतं. सहा वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग सहा छेद पाच, म्हणजे २० टक्के कडक होते, आणि लोक म्हणतात बघा हँडलिंग सुधारलं. सरळ रस्त्याला, एकट्याने, खरंच सुधारल्यासारखं वाटतं. पण गाडी खाली बसल्यामुळे बंप स्टॉपपर्यंतचं अंतर संपलेलं असतं. वळणात गाडी कलली, बाहेरचं चाक वर गेलं, पॅच आला आणि स्टॉप लागला, की त्या चाकाचा कडकपणा एका क्षणात कितीतरी पट होतो, सगळा भार त्या एका टायरवर येतो आणि टायर हात वर करतो. ताम्हिणीत माझं नेमकं हेच झालं. शिवाय कापलेली स्प्रिंग सैल असते, चाक पूर्ण खाली लोंबलं की ती जागेवरून हलते आणि परत बसताना वाकडी बसू शकते. तुमच्या गाडीत कापलेली असेल तर बाकी वाचायच्या आधी ती बदला.

पायरी तिसरी: पार्ट निवडणं

शॉकअप. दुकानात गॅब्रिएल, मनरो, केवायबी ही नावं दिसतील, मूळ कंपनीचा पार्ट तर असतोच. पुण्यात नाना पेठेत फिरलात की एका गल्लीत सगळं मिळतं, मुंबईकरांना ऑपेरा हाउसची गल्ली माहीत असेलच. नकली मालही तिथेच मिळतो, म्हणून बिल घ्या, खोक्यावरचा पार्ट नंबर आणि शॉकअपवर ठोकलेला नंबर जुळवा, आणि दोन्ही बाजूंचे एकदमच घ्या. एकच बदलून आलेला माणूस मला भेटलाय, त्याची गाडी डाव्या वळणात वेगळी आणि उजव्या वळणात वेगळी चालायची.

साधा ट्विन ट्यूब शॉकअप म्हणजे नळीत नळी, बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल. कोकणातल्या एखाद्या उखडलेल्या रस्त्यावर तास दोन तास हाणला की तेलात हवेचा फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो, थंड झाला की परत शहाणा होतो. गॅसचा ट्विन ट्यूब घेतला तर थोड्या दाबाच्या नायट्रोजनमुळे फेस कमी होतो, आणि आपल्यासारख्यांना ९० टक्के वेळा तोच पुरतो. मोनोट्यूबमधे एकच नळी, तेल आणि जास्त दाबाचा गॅस मधे सरकत्या पिस्टनने वेगळे केलेले, लवकर थंड होतो, हाताला लगेच फरक कळतो. पण त्याची नळी हीच पिस्टनची नळी, त्यामुळे खडी उडून मोठा पोचा आला की पिस्टन तिथेच अडकणार. खडीच्या रस्त्याला राहत असाल तर विचार करा.

स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी जमली पाहिजे हे डोक्यात पक्कं बसवा. शॉकअपचं अर्धं काम दबलेली स्प्रिंग परत उसळताना तिला आवरणं हे आहे. मूळ शॉकअपवर ३० टक्के कडक स्प्रिंग टाकली तर ती त्याला दाद देत नाही, स्पीडब्रेकरनंतर गाडी एकदा जास्तीची उसळते. मी पहिल्यांदा हीच चूक केली, पैसे वाचवायला जुने शॉकअप तसेच ठेवून नव्या स्प्रिंगा टाकल्या, आणि दोन महिन्यांत परत सगळं खोललं. उंची कमी करायचीच असेल तर २०-२५ मिमीच्या पुढे जाऊ नका, आणि तीही कारखान्यात तयार झालेल्या स्प्रिंगनेच, ग्राइंडरने नाही. मी स्वतः शेवटी मूळ उंचीवर आलो. सोसायटीच्या गेटचा स्पीडब्रेकर बनवणाऱ्याला देव सुबुद्धी देवो, पण तोपर्यंत मला ती उंची लागणार आहे.

बंप स्टॉप, शॉकअपचं धुळीचं कव्हर, वरचं रबरी माउंट आणि स्प्रिंगखालची रबरी गादी, हे सगळं नवीन घ्या. खर्च किरकोळ असतो आणि नंतर येणारा खटखट आवाज यातल्याच एखाद्याने येतो.

बुशबद्दल भांडणं होतात. पॉलीयुरेथेनचे कडक बुश टाका असं कोणीतरी सांगेलच. टॉर्शन बीमच्या पुढच्या बुशमधे मी टाकणार नाही. तो बुश फक्त गोल फिरत नाही, बीम पिळताना त्याला तिरपंही झुकावं लागतं, आणि रबराचा तो मुद्दाम ठरवलेला मऊपणाच मागच्या टोचं गणित सांभाळतो. नवीन मूळचा रबरी बुश घ्या, जुन्या गाडीला तोच सगळ्यात मोठा अपग्रेड आहे.

पायरी चौथी: खोलणं आणि बसवणं

शॉकअप आणि स्प्रिंग घरी होतात. बुश नाही, ते प्रेस मारून काढावे लागतात आणि पोकळीची दिशा बरोबर बसावी लागते, ते वर्कशॉपवर सोपवा आणि जुन्या बुशची दिशा बीमवर खूण करून घ्यायला सांगा. मेस्त्री म्हणेल "साहेब कसंही बसतंय", तर तसं नसतं.

घरच्या कामाला हायड्रॉलिक जॅक, दोन जॅक स्टँड, गोटी पान्यांचा सेट, लांब दांडा, टॉर्क पाना (किती जोराने कसलं ते दाखवणारा), गंज सोडवायचा स्प्रे, वायर ब्रश. गाडीसोबत येणाऱ्या कात्री जॅकवर हे काम करू नका, तो पंक्चर काढण्यापुरता आहे. विटा, दगड, रिम यांवर गाडी टेकवून खाली जाणारे लोक मी बघितलेत, त्यांच्याबद्दल काय लिहू.

आदल्या रात्री खालच्या आणि वरच्या बोल्टवर स्प्रे मारून ठेवा. किनाऱ्यालगतच्या गाड्यांना, रत्नागिरी, अलिबाग, गोव्याकडच्या, दोन रात्री मारा, खाऱ्या हवेने आटे धरलेले असतात. सकाळी गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमधे, पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण्या. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग मालकाच्या पुस्तकात दाखवलेल्या जॅक पॉइंटवर गाडी उचलून दोन्ही बाजूंना स्टँड लावा. बीमच्या मध्यावर जॅक लावून गाडी उचलू नका, तो पत्रा पिळण्यासाठी बनवलाय, उचलण्यासाठी नाही. स्टँडवर गाडी टेकली की जोरात हलवून बघा. आत्ता पडली तर पडू दे, खाली गेल्यावर नको.

चाकं काढली की जॅक एका दांड्याच्या स्प्रिंगच्या बैठकीखाली लावून नुसता टेकवा, म्हणजे शॉकअप सुटल्यावर बीम धाडकन खाली जाणार नाही. दुसऱ्या बाजूला दुसरा जॅक असला तर सोन्याहून पिवळं, नसेल तर लाकडाचे ठोकळे रचा. आता शॉकअपचा खालचा बोल्ट काढा. वरचं टोक काही गाड्यांत चाकाच्या कमानीत असतं, काहींत डिकीच्या आतल्या ट्रीममागे, ते आधी बघून ठेवा. वरचा नट काढताना रॉड गोल फिरत असेल तर रॉडच्या टोकाला पाना लावून धरायचा, पक्कडीने रॉडची चकचकीत बाजू धरायची नाही, एक ओरखडा पडला तर सील कापून तेल बाहेर येणार.

दोन्ही शॉकअप सुटले की जॅक हळूहळू खाली घ्या. इथे घाई नको. ब्रेकचा होज, एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) वायर, हँडब्रेकची केबल, तिन्हींवर डोळा ठेवा, त्या ताणल्या जाता कामा नयेत, लागलं तर त्यांचे क्लिप सोडवा. या गाडीत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असल्यामुळे बीम पुरेसा खाली आला की स्प्रिंग हातानेच निघते, स्प्रिंग दाबायचं ते धोकादायक हत्यार मागे लागतच नाही. पुढच्या स्ट्रटला, जिथे स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते, मात्र लागतं, तिथे हा अंदाज लावू नका.

स्प्रिंगच्या बैठकीतली माती, गंज वायर ब्रशने साफ करा, नवी गादी ठेवा, स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या खाचेत नीट टेकलंय ना ते बोटाने बघा. टोक खाचेत नसेल तर दोन दिवसांनी टक् असा आवाज येऊन ती स्वतः जाऊन बसेल आणि तुम्ही महिनाभर आवाज शोधत बसाल.

नवा शॉकअप बसवायच्या आधी उभा धरून, जसा गाडीत बसणार तसा, चार-पाच वेळा पूर्ण दाबून पूर्ण सोडा. खोक्यात आडवा पडून त्यात हवा शिरलेली असते, ती निघते. गॅसवाल्याला पट्टा बांधलेला असतो, तो बसवेपर्यंत तोडू नका.

आता जे सगळ्यात जास्त गॅरेजवाले चुकवतात ते. खालचा बोल्ट, आणि बुश बदलले असतील तर बीमचे पुढचे बोल्ट, हवेत लोंबत्या चाकावर शेवटचे कसायचे नाहीत. हे बुश रबर आणि लोखंड चिकटवून केलेले असतात, बोल्ट कसला की आतली नळी त्या स्थितीत लॉक होते. लोंबलेल्या स्थितीत कसलं आणि गाडी खाली घेतली, तर रबर जन्मभर पिळलेलंच राहतं, गाडी उंच बसते, आणि बुश वर्षभरात फाटतो. म्हणून आधी बोल्ट हाताने बसवा, मग जॅकने दांडा वर उचला, तुमच्या वहीतलं चाक-मडगार्डचं अंतर येईपर्यंत (कापलेल्या गाडीवाल्यांनी मूळ उंचीच्या दुसऱ्या गाडीचं माप घ्यावं, मी शेजाऱ्याच्या स्विफ्टचं घेतलं), गाडी स्टँडवरून सुटणार नाही इतपतच, आणि तिथे टॉर्क पान्याने कसा. आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला, अंदाजाने नाही.

चाकं लावा, गाडी खाली, नट फुलीच्या क्रमाने कसा.

पायरी पाचवी: बसवल्यावर लगेच

गाडी सोसायटीत दोन फेऱ्या मारून परत मोजा. डावं-उजवं ५ मिमीच्या आत असेल तर छान. अलाइनमेंट परत करा, मागचे आकडे आधीच्या रिपोर्टशी ताडून बघा. मागची उंची बदलली की हेडलाइटचा झोतही बदलतो, मागून गाडी वर आली तर झोत खाली जातो, तो भिंतीसमोर बघून सेट करा.

एबीएस नसलेल्या काही जुन्या गाड्यांत मागे एक व्हॉल्व्ह असतो जो बीमच्या उंचीवरून डिकीत किती वजन आहे हे ओळखून मागच्या ब्रेकला दाब सोडतो. गाडीची उंची बदललीत की तो फसतो, लो केलेली रिकामी गाडी त्याला भरलेली वाटते आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. तुमच्या गाडीत असेल तर तो मेस्त्रीकडून सेट करून घेतल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टाने हे कडकपणे सांगितलंय. घासलेल्या पार्टच्या जागी त्याच मापाचा चांगला पार्ट टाकणं ही दुरुस्ती, पण उंची बदलणारं काही करणार असाल तर आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा.

पायरी सहावी: बारीक ट्यूनिंग, आणि जास्तीचा बार

इथपर्यंत आलात की शंभरातल्या नव्वदांना थांबायला हरकत नाही. ज्यांना अजून हवंय त्यांच्यासाठी.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या मुळातच नाकाने रुंद जातात, म्हणजे जोरात वळवलं की पुढची चाकं घसरत सरळ जायला बघतात. कंपनी हे मुद्दाम ठेवते कारण घाबरलेला माणूस अॅक्सिलरेटर सोडतो आणि अशी गाडी सोडल्यावर आपोआप आत येते. मागचा भाग कलण्याच्या बाबतीत कडक केला की भाराची अदलाबदल मागे जास्त होते, पुढच्या टायरांना श्वास मिळतो, नाक आत येतं. हाच तो सगळा 'हँडलिंग अपग्रेड'.

फुकट प्रयोग म्हणजे हवा. मागे २ पीएसआय जास्त भरून आठवडाभर चालवा, मग परत मूळ आकड्यावर या. गाडी किती बदलते हे कळलं की जास्तीचा बार हवाय की नको हे तुमचं तुम्हालाच कळेल.

जास्तीचा बार म्हणजे बीमच्या दोन दांड्यांमधे बोल्टने बसवायचा एक दांडा, जो पिळायला आणखी विरोध करतो. काम करतो, वादच नाही. पण वळणात अर्ध्यावर घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागचे टायर हलके होतात, आणि बारमुळे आधीच एका टायरवर आलेला भार त्याला झेपत नाही, शेपूट निघते. कोरड्यात मजा, जुलैमधे घाटात शेवाळलेल्या रस्त्यावर मजा नाही. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते एस वळण ज्याने भरल्या गाडीतून उतारावर घेतलंय त्याला कळेल मी काय म्हणतो ते. मी बार बसवला होता, एक पावसाळा काढला, आणि काढून माळ्यावर ठेवला. बसवणारच असाल तर एक गोष्ट पाळा, मागचे टायर पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेले असता कामा नयेत. नवीन दोनच टायर घेतले तर ते मागे लावायचे, दुकानदार पुढे लावायला बघेल.

चालवून बघणं

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तोच स्पीड, तेवढीच माणसं. मी रविवारी सकाळी सहाला एकच दहा किलोमीटरचा पट्टा धरला होता, त्यात दोन स्पीडब्रेकर, एक पुलाचा जॉइंट, एक लांब वळण. स्पीड कायद्यातला, घाटात नाही. प्रत्येक वेळी आधी एकट्याने, मग मागे तिघांना बसवून. लांब वळणात मागून गाडी एकदाच बसते की दोनदा, जॉइंटवर एक ठोका येतो की ठोका आणि वर थरथर, हे वहीत लिहायचं. दोन महिन्यांनी 'आधी बरं होतं का आता' हे कुणाच्या बापाला आठवत नाही.

१०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने परत तपासा. नव्या स्प्रिंगा पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत थोड्या बसतात, माझ्या ४ मिमी बसल्या, म्हणून हजार किलोमीटरनंतर परत माप आणि परत अलाइनमेंट. आवाज आला तर क्रमाने शोधा, आधी वरच्या माउंटचा नट, मग स्प्रिंगचं टोक, मग शॉकअपचा खालचा बोल्ट, आणि हे तिन्ही ठीक असतील तर स्टेपनी आणि जॅक. माझ्या गाडीत तीन आठवडे जो खटखट आवाज येत होता तो डिकीतल्या व्हील पान्याचा निघाला.